शिल्लक कोठून येते?

नळसामानाचे एखादे दुकान घ्यावे. ते इंदूरच्या सियागंजात असो की पुण्याच्या बोहरी आळीत असो, त्याची मांडणी थोड्याफार फरकाने सारखीच असते. भिंतभर लाकडी खण, खणांत एल्बो, टी, सॉकेट आणि निपल. खाली खिळ्यांच्या पेट्या, वर टांगलेली वायरची भेंडोळी, आणि दाराशी गल्ला. गल्ल्यावरच्या लाल वहीच्या जागी मागेच संगणक आला, आणि आता त्या संगणकाशेजारी मोबाइल येऊन बसला आहे. अशा एखाद्या दुकानात आठ-दहा वर्षे मालाची आवक-जावक एक्सेलच्या तक्त्यात लिहिली जात असते. एके दिवशी मालकाचा मुलगा साठ्याचा हिशेब ठेवणारे एक ॲप मोबाइलवर घेतो आणि तक्त्यातील सगळ्या नोंदी एका रात्रीत त्यात ओततो. दुसऱ्या दिवशी सकाळी ॲप सांगते की, अर्ध्या इंचाचे एल्बो चाळीस नग शिल्लक आहेत. खणात भरतात एकतीस. मालक पुन्हा मोजतो, एकतीसच. मग त्याची नजर खणापाशी उभ्या असलेल्या नोकराकडे वळते.

ती नजर वळण्यापूर्वी एक प्रश्न विचारला जावयास हवा होता. ॲपने सांगितलेले चाळीस हे आले कोठून? ते कोणी मोजलेले नाहीत. ते कोणी लिहिलेलेही नाहीत. ते निघालेले आहेत. शेकडो नोंदींची बेरीज-वजाबाकी होऊन जो आकडा उरला, तो चाळीस. म्हणजे संशय घ्यावयाचाच झाला, तर तो प्रथम त्या शेकडो नोंदींवर आणि त्यांच्या रात्रीच्या प्रवासावर घेतला पाहिजे.

जुन्या पेढ्यांवरील कारकुनांना ही गोष्ट शिकवावी लागत नसे. त्यांच्यापुढे दोन वह्या असत. जे घडले ते घडल्या क्रमाने ज्या वहीत उतरे, ती रोजकीर्द. आणि त्यातील नोंदी खात्याखात्यांत वाटून जिच्यात मांडल्या जात, ती खतावणी. पेशवे दप्तरातील रोजकीर्दी आजही पुण्यास जतन केलेल्या आहेत, आणि त्यांच्या मोडी ओळींतून त्या त्या दिवशी काय आले व काय गेले हे अजून वाचता येते. खतावणीतली बाकी चुकली तर रोजकीर्दीवरून ती पुन्हा काढता येई. पण रोजकीर्द हरवली तर खतावणीतील बाकीला साक्षीदार उरत नसे. व्यवहार हे मूळ आणि शिल्लक हे त्याचे फळ, ही समजूत त्या दोन वह्यांच्या रचनेतच बसलेली होती.

एक्सेलच्या तक्त्याने ही समजूत थोडी सैल केली. त्यात तक्त्याचा दोष कमी, त्याच्या मोकळेपणाचा अधिक. हार्वर्ड येथे व्यवसायशास्त्र शिकत असताना १९७८ साली डॅन ब्रिकलिन यांना अशी कल्पना सुचली की, आडव्या-उभ्या रकान्यांतील एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले बाकीचे सगळे आकडे आपोआप बदलावेत. बॉब फ्रँकस्टन यांच्या साहाय्याने त्यांनी ती साकार केली, आणि १९७९ साली व्हिजिकॅल्क नावाने हा पहिला तक्ता घराघरांतील लहान संगणकांवर चालू लागला. एक्सेल १९८५ साली आले. या तक्त्याचे सामर्थ्य असे की, तो कोणत्याही चौकटीत काहीही लिहू देतो. त्याची उणीवही हीच. रोजकीर्दीत खोडाखोड केली तर डाग राहतो. तक्त्यातल्या चौकटीत चाळीस पुसून अडतीस लिहिले तर चाळीस होते याची खूणही सहसा उरत नाही.

म्हणून ज्यांना तक्त्यातून ॲपमध्ये जावयाचे आहे, त्यांनी आपला तक्ता कोणत्या जातीचा आहे हे आधी पाहावे. एका जातीच्या तक्त्यात प्रत्येक मालाची एकच ओळ असते, आणि विक्री झाली की तिच्यातील आकडा बदलला जातो. ही नुसती पाटी आहे, वही नव्हे. तिच्यातून व्यवहार नेता येत नाहीत, कारण तिच्यात ते नाहीतच. फार तर आजची शिल्लक नेता येते. दुसऱ्या जातीच्या तक्त्यात प्रत्येक व्यवहाराची वेगळी ओळ असते : तारीख, आवक की जावक, मालाचे नाव, माप, संख्या, दर, आणि कोणाकडून आला किंवा कोणाला गेला. ही रोजकीर्द होय. साठ्याचे ॲप मागते ते हेच. त्याच्या पडद्यावर बहुधा ‘आयात करा’ असे एक बटण असते. व्यापाऱ्यांच्या कानांना या शब्दातून बंदर, जकात आणि परदेशचा माल ऐकू येतो. पण येथे आयात होते ती मालाची नव्हे, मालाच्या इतिहासाची. ते बटण दाबले की ॲप तक्ता उघडते, कोणता रकाना तारखेचा व कोणता संख्येचा हे विचारून घेते, आणि मग एकेक ओळ वाचून जणू तो व्यवहार आत्ताच घडत आहे अशा रीतीने आपल्या वहीत चढवीत जाते. शिल्लक मात्र ते कोणाकडून ऐकून घेत नाही. ती ते स्वतः काढते.

आता त्या नऊ एल्बोंकडे वळावे.

या दुकानाच्या तक्त्यात मालाचे नाव एका रकान्यात आणि माप दुसऱ्या रकान्यात होते. आरंभीच्या ओळींत माप ‘अर्धा इंची’ असे अक्षरांनी लिहिलेले होते. पुढे, २०२५ साली, कोणी तरी हात आवरता घेतला आणि एक, तिरकी रेघ, दोन असे आकड्यांत लिहिले. माणसाला तो अर्धा इंच वाटतो. एक्सेलला ती एक फेब्रुवारी ही तारीख वाटते, आणि ते विचारीत बसत नाही. चौकटीत तारीख होऊन जाते. बरे, एक्सेल तारीख साठविते तीही तारखेच्या रूपाने नव्हे. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून ते दिवस मोजीत येते आणि त्या दिवसाचा अनुक्रमांक ठेवते. १ फेब्रुवारी २०२५ हा त्या मोजणीत ४५,६८९ वा दिवस आहे. ॲपने तक्ता वाचला तेव्हा त्याला ‘एल्बो, अर्धा इंची’ हा एक माल दिसला आणि ‘एल्बो, ४५६८९’ हा दुसरा. दुसरा माल आपल्या यादीत नाही असे पाहून त्याने तो सालसपणे नवा निर्माण केला. त्या नावाखाली नऊ नगांची विक्री चढली, आवक मुळीच नव्हती, आणि यादीच्या तळाशी ‘एल्बो ४५६८९ : उणे नऊ’ अशी एक ओळ उभी राहिली. तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. चाळीसातून उणे झालेले नऊ तेथे होते. नोकराच्या पिशवीत नव्हते.

हाच अर्धा इंच २०२४ साली लिहिला गेला असता, तर तो ४५,३२३ झाला असता. कारण दिवस-महिनाच लिहिला तर एक्सेल चालू वर्ष धरते. पाऊण इंच लिहावा तर तो तीन एप्रिल होतो. अशा रीतीने एकाच खणातील एकाच मालाची, लिहिणाऱ्याच्या सवयीप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे, तीन-चार भुते यादीत वावरू लागतात. (जाता जाता एक गंमत सांगण्यासारखी आहे. एक्सेलच्या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा दिवसही धरलेला आहे; वस्तुतः १९०० हे लीप वर्ष नव्हते आणि तो दिवस कधी उगवलाच नाही. लोटस नावाच्या आधीच्या तक्त्यातील ही चूक, त्याच्याशी जुळते घ्यावे म्हणून एक्सेलने जाणूनबुजून चालू ठेवली.) ही अडचण दुकानदारांपुरती आहे असेही नाही. जीवशास्त्रज्ञांच्या तक्त्यांत मानवी जनुकांची काही नावे ‘मार्च’ आणि ‘सेप्ट’ यांनी सुरू होत, आणि एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकी. प्रसिद्ध झालेल्या संशोधनातही त्या चुका शिरल्या. अखेर २०२० साली जनुकांची नावे ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ‘मार्च१’चे ‘मार्चएफ१’ आणि ‘सेप्ट१’चे ‘सेप्टिन१’ केले. शास्त्रज्ञांनी जनुकाचे नाव बदलले. दुकानदाराला इतके करावे लागत नाही. मापाच्या रकान्याला लिहिण्यापूर्वीच ‘हा मजकूर आहे, आकडा नव्हे’ असे सांगून ठेवले, किंवा ‘अर्धा इंची’ असे सरळ अक्षरांत लिहिले, तर पुरते. मात्र तारीख होऊन गेल्यानंतर रकान्याचा प्रकार बदलून उपयोग नाही. तोवर तेथे अर्धा इंच राहिलेलाच नसतो, ४५,६८९ राहिलेले असतात. ती चौकट पुन्हा लिहावीच लागते.

मालाची ओळख हीच या सगळ्या कामातील सर्वांत नाजूक जागा होय. मनुष्य नावामागची वस्तू पाहतो; यंत्र फक्त अक्षरे पाहते. ‘एल्बो’, ‘एलबो’, आणि शेवटी चुकून एक मोकळी जागा सुटलेला ‘एल्बो ’ हे यंत्राच्या लेखी तीन निरनिराळे माल असू शकतात. मराठी नावांच्या बाबतीत आणखी एक खोड आहे. जुन्या संगणकांवर ज्या मराठी टंकांत लिहिले जाई, त्यांतील पुष्कळ टंक हे केवळ देवनागरीचा वेष होते. आत साठत असत ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. तो वेष मोबाइलवर नसतो. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी शुद्ध मराठीत लिहिलेली यादी मोबाइलच्या पडद्यावर निरर्थक चिन्हांची माळ होऊन उतरते. अशी यादी आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी लागते, आणि मग ती डोळ्यांनी वाचून पाहावी लागते.

यावर उपाय म्हणून प्रत्येक मालाला एक सांकेतिक क्रमांक द्यावा, असे जाणते सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण क्रमांकालाही तक्त्याची बाधा होते. ‘००७’ लिहिले की एक्सेल त्याचे ‘७’ करते. आरंभीच्या शून्यांना त्याच्या मते किंमत नाही. वेष्टनावरील रेघांच्या पट्टीखाली जो तेरा अंकी क्रमांक असतो (भारतात नोंदलेल्या कंपन्यांचा तो ८९० ने सुरू होतो), तो तक्त्यात उतरविला की एक्सेल त्याला प्रचंड मोठी संख्या समजते आणि ‘८.९०१२३ई+१२’ अशा आखूड रूपात दाखविते. तो तक्ता स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या फायलीत जतन केला, तर जे दिसते तेच जतन होते. मागचे अंक जातात आणि त्यांच्या जागी शून्ये येतात. एका कंपनीच्या सगळ्या मालाचे पहिले अंक सारखेच असल्यामुळे तिचे वीस निरनिराळे माल एकाच क्रमांकावर गोळा होतात. एल्बोच्या बाबतीत एका मालाचे दोन झाले होते. येथे विसांचा एक होतो. दोन्हींचे औषध तेच. क्रमांक दिसायला आकडा असला तरी ते नाव आहे. त्याची बेरीज कधी करावयाची नसते. म्हणून तो मजकूर म्हणूनच लिहावा.

ओळखीनंतर माप. नळसामानाच्या दुकानात हा विषय मोठा गमतीचा आहे. खिळे किलोने येतात आणि पावशेराच्या पुडीनेही जातात. स्क्रू ग्रोसने येतात, म्हणजे १४४ नग, आणि गिऱ्हाईक मागते सहा. विजेच्या तारेचे भेंडोळे बहुधा नव्वद मीटरचे असते आणि ती तीस मीटर, बारा मीटर अशी तुटून जाते. तक्त्यात आवकीच्या ओळीत ‘२’ असते, जावकीच्या ओळीत ‘३०’. लिहिणाऱ्याला ठाऊक असते की, दोन म्हणजे भेंडोळी आणि तीस म्हणजे मीटर. ॲपला ते ठाऊक नसते. ते दोनांतून तीस वजा करते आणि उणे अठ्ठावीस शिल्लक दाखविते. तक्ता हलविण्यापूर्वी प्रत्येक मालाचे एकच माप ठरवावे, आणि ते शक्यतो विक्रीचे, म्हणजे लहानात लहान असावे. दोन भेंडोळ्यांचे एकशे ऐंशी मीटर होतात. तीस गेले, दीडशे उरले. येथे एक पायरी हटकून चुकते. संख्येचे रूपांतर होते आणि दराचे राहते. भेंडोळ्याचा दर १,८०० रुपये असेल, तर मीटरचा दर २० रुपये. दर तसाच राहिला तर ३,६०० रुपयांची तार वहीत ३,२४,००० रुपयांची होते, आणि मालक एका रात्रीत कागदोपत्री श्रीमंत होतो. याच आकड्यांतील स्वल्पविराम हाही, साध्या फायलीत अवतरणचिन्हांवाचून गेला, तर रकान्यांची सीमा समजला जातो, आणि एका किमतीचे दोन-तीन तुकडे शेजारच्या रकान्यांत जाऊन पडतात. रकमा स्वल्पविरामांवाचून लिहिणे हे त्यावरचे साधे उत्तर.

अधिक-उणे चिन्हाची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. तक्त्यात विक्री पुष्कळदा उणे आकड्याने लिहिलेली असते. ॲपमध्ये ‘जावक’ असे वेगळे म्हटलेले असते आणि आकडा साधा असतो. ‘जावक’ही म्हटले आणि आकडाही उणेच राहिला, तर काही ॲपे ती ओळ नाकारतात, काहींत मात्र दोन नकारांचा एक होकार होऊन विकलेला माल खणात परत येतो. गिऱ्हाइकाने परत केलेला माल हा वेगळा व्यवहार आहे, आणि तो त्याच नावाने वेगळा लिहावा.

तारखांचा घोटाळा याहून अधिक सावधपणाने समजून घेण्याजोगा आहे, कारण तो संख्येत दिसत नाही. भारतात दिवस आधी आणि महिना नंतर लिहितात. अमेरिकेत महिना आधी. ॲपची मांडणी अमेरिकन असली, तर काय होते ते एका उदाहरणाने पाहावे. एका झडपेचे १०० नग १ जूनला ४० रुपये दराने घेतले. १० जूनला ६० विकले. १५ जूनला आणखी ६० नग ५० रुपये दराने घेतले. भारित सरासरीने हिशेब करणारे ॲप असे म्हणेल : १० जूननंतर ४० नग उरले, त्यांची किंमत १,६०० रुपये, त्यात ३,००० रुपयांचे ६० नग आले, म्हणजे १०० नग, किंमत ४,६०० रुपये. आता त्याच तारखा अमेरिकन रीतीने वाचल्या, तर ‘१/६’ ही ६ जानेवारी होते आणि ‘१०/६’ ही ६ ऑक्टोबर. ‘१५/६’ मात्र तशी वाचता येत नाही, कारण पंधरावा महिना नसतो. एखादे कडक ॲप ती ओळच नाकारते, एखादे नरम ॲप ती १५ जून म्हणून ठेवते. नरम ॲपच्या वहीत आता दोन्ही खरेद्या आधी झाल्या आणि विक्री शेवटी. १६० नग, किंमत ७,००० रुपये, नगास ४३ रुपये ७५ पैसे; त्यांतून ६० गेले, राहिले १००, आणि त्यांची किंमत ४,३७५ रुपये. खण मोजावा तर शंभर बरोबर भरतात. मेळ बसला म्हणून सगळे समाधानी होतात. २२५ रुपयांची चूक मात्र वहीत शिरलेली असते. आणि असे पाचशे माल असले की नफ्याचा आकडाच खोटा होतो.

ही चूक पकडण्याची युक्ती तिच्या स्वभावातच आहे. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा निमूटपणे उलटतात, तेराव्यापासूनच्या तक्रार करतात. म्हणून ॲपने नाकारलेल्या ओळी सगळ्या महिन्याच्या उत्तरार्धातल्या दिसल्या, किंवा वहीत अजून न उजाडलेल्या तारखांची विक्री दिसली, तर काय झाले ते लगेच ओळखावे. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने चार अंकी वर्षासह तारीख लिहिली, तर बहुतेक ठिकाणी हा प्रश्न उद्भवतच नाही. एकाच दिवशी खरेदी आणि विक्री दोन्ही झाल्या असतील, तर खरेदीची ओळ वर ठेवावी; नाही तर नसलेला माल विकल्याची नोंद होते.

इतके झाले की प्रश्न उरतो तो आरंभाचा. इतिहास कोठून न्यावा? दहा वर्षांचे सगळे व्यवहार नेण्याचा मोह पडतो, आणि तो नेहमीच शहाणपणाचा असतो असे नाही. पुष्कळ दुकानांना आर्थिक वर्षाची सीमा सोयीची पडते : ३१ मार्चच्या रात्री जी शिल्लक होती ती ‘आरंभीची शिल्लक’ म्हणून एका ओळीत लिहावी आणि १ एप्रिलपासूनचे व्यवहार त्यापुढे न्यावेत. जुन्या वह्यांत मागील बाकी ओढणे म्हणत ते हेच. फक्त दोहोंपैकी एकच करावे. आरंभीची शिल्लकही लिहिली आणि त्या शिलकेला जन्म देणारे जुने व्यवहारही नेले, तर तोच माल दोनदा जमा होतो. वाचताना ही चूक बाळबोध वाटते. रात्री अकरा वाजता, दुकान बंद करून, थकलेल्या डोळ्यांनी काम करणाऱ्याच्या हातून ती सहज घडते.

दुप्पट होण्याचा दुसरा मार्ग अधिक कपटी आहे. दोन हजार ओळींपैकी बाराशे चढल्यावर मोबाइलचे जाळे तुटते, पडदा गोठतो. मनुष्य पुन्हा बटण दाबतो. पहिल्या बाराशे ओळी आधीच आत गेलेल्या असल्या, तर त्या दुसऱ्यांदा चढतात. उलट, ओळी गळाल्या तरी ते कोणी ओरडून सांगत नाही. इंग्लंडात २०२० च्या शरद ऋतूत २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ कोविड रुग्णांच्या नोंदी राष्ट्रीय आकडेवारीतून अशाच गळाल्या. प्रयोगशाळांकडून आलेल्या नोंदी एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फायलीत भरल्या जात होत्या. त्या फायलीत ६५,५३६ ओळींहून अधिक मावत नाहीत. उरलेल्या बाहेर राहिल्या, आणि त्या रुग्णांच्या सहवासात आलेल्या लोकांना सावध करण्याचे काम तितके दिवस लांबले. एल्बोच्या खणापेक्षा तो हिशेब फार मोठा होता. पण तपासणी दोन्हीकडे तीच आणि एका मिनिटाची. पाठविल्या किती ओळी आणि पोहोचल्या किती, हे मोजावे. ॲपने ‘यशस्वी’ असे म्हटले म्हणून ते मोजणे टाळू नये.

आणि यंत्राचा आकडा प्रमाण मानून माणसाकडे नजर वळविली, तर ती कोठवर जाऊ शकते हेही ब्रिटनने पाहिले आहे. तेथील टपाल संस्थेने १९९९ पासून आपल्या शाखांत होरायझन नावाची हिशेबाची संगणकप्रणाली आणली. तिच्यातील दोषांमुळे शाखांच्या हिशेबात तूट दिसू लागली. ती तूट उपडाकपालांनी खाल्ली असे ठरवून वर्षानुवर्षे खटले भरण्यात आले, आणि २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. कित्येकांनी नसलेली तूट घरचे पैसे घालून भरून दिली, काही तुरुंगात गेले. २०१९ साली तेथील उच्च न्यायालयाने प्रणालीतच दोष असल्याचा निर्वाळा दिला, आणि २०२४ साली संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या. ते सगळे लोक रोज हेच सांगत होते की, आकडा कोठून आला ते आम्हांला दाखवा.

म्हणून जाणता मनुष्य ही आयात घाईने करीत नाही. तो मूळ तक्ता तसाच बाजूला ठेवतो आणि त्याच्या प्रतीवर काम करतो. प्रत्येक ओळीला एक अनुक्रमांक देतो आणि तो शेऱ्याच्या रकान्यातून ॲपमध्येही नेतो, म्हणजे पुढे कोणत्याही आकड्याचा माग काढता येतो आणि दोनदा चढलेली ओळ ओळखू येते. आधी एखाद्या रिकाम्या वहीत दहाच ओळी चढवून पाहतो. त्या दहांत एक आवक, एक जावक, एक परतीचा माल, एक भेंडोळ्याची तार आणि एक अर्ध्या इंचाचा एल्बो असेल अशी निवड करतो. त्यांची शिल्लक कागदावर हाताने काढून ताडून पाहतो. मग ॲपमधील असेल त्या माहितीची प्रत काढून ठेवतो, आणि नंतर सगळा तक्ता नेतो. नेल्यावर प्रथम पाहतो तो यादीचा तळ : उणे शिल्लक असलेले माल, ओळखू न येणारी नावे, एकदाच येऊन गेलेले माल. ‘एल्बो ४५६८९’ त्याला तेथेच भेटला असता.

तक्ता मागे राहिला तरी तो टाकून देता येत नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याप्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याने आपले हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीच्या दिनांकापासून बहात्तर महिने जपावयाचे असतात. त्याच कायद्याखालील २०१७ च्या नियमावलीतील छप्पन्नावा नियम, ठोक कर भरणारे लहान व्यापारी वगळता, प्रत्येकाने साठ्याची नोंद कशी ठेवावी हे सांगतो, आणि तो वाचण्यासारखा आहे. आरंभीची शिल्लक, आवक, जावक आणि उरलेला साठा इतक्यावर तो थांबत नाही; हरवलेला, चोरीस गेलेला, नष्ट झालेला, निर्लेखित केलेला, भेट किंवा नमुना म्हणून दिलेला माल हाही त्यात दाखवावयाचा असतो. कमी भरलेल्या प्रत्येक नगाला चोरी हे एकच नाव नाही, हे कायद्यालाही ठाऊक आहे.

सगळे नीट उतरले, भुते आपापल्या खणांत परत गेली, एल्बो एकतीसला एकतीस जुळले, तरी एक काम राहतेच. ॲप सांगते तो हिशेबाचा साठा. खणात आहे तो खरा साठा. आणि दोहोंची गाठ मोजदादीवाचून पडत नाही. मोजदाद दुकान बंद असताना करावी. मोजणाऱ्याच्या हाती ॲपचा आकडा देऊ नये, कारण अपेक्षित आकडा ठाऊक असला की हात आणि डोळे तिकडेच ओढ घेतात. मोजणारा एक आणि लिहिणारा दुसरा असावा, आणि दोघांपैकी एक तो नोकर असणे सर्वांत चांगले. कोणता माल कोणत्या खणात मागे पडला आहे हे त्याच्याइतके मालकालाही ठाऊक नसते.

या मोजदादीत थोडाफार फरक निघणारच. दोन इंची खिळे वहीप्रमाणे साडेबारा किलो आणि तराजूवर पावणेबारा. अशा वेळी जुन्या ओळी गाठून त्यांतील आकडे फिरविण्याचा, आणि अशा रीतीने शिल्लक जुळवून घेण्याचा, मोह होतो. तक्त्याच्या दिवसांची ती सवय असते. ॲपच्या वहीत त्यासाठी वेगळ्या प्रकारची नोंद असते. त्या दिवसाची तारीख घालावी, प्रकार ‘मोजणीतील फरक’ असा निवडावा, संख्या उणे पाऊण किलो, आणि शेऱ्यात लिहावे : सुट्या विक्रीतील वजनाचा फरक, मोजणी दोघांच्या समक्ष.